केसपेपर वाचणारी सिस्टर: कोर्टाच्या कामात परिचारिकेला भवितव्य आहे का?

मुलुंडच्या एका परिचारिका भगिनीने विचारले आहे, "नर्सिंगमध्ये अठरा वर्षे झाली. आता नाईट झेपत नाही, कंबर धरते. अमेरिकेत नर्सेस वकिलांना सल्ला देऊन चांगले पैसे मिळवतात असे भाची सांगते. आपल्याकडेही त्याचा कोर्स निघाला आहे म्हणतात. फी भरायला एफडी मोडावी लागेल. मोडू का?"

प्रश्न एकीचा असला तरी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक नर्सिंग होममध्ये अशा दोन-चार सिस्टर असतातच. अनुभव भरपूर, पण पाय थकलेले. म्हणून उत्तर सर्वांसाठीच देतो.

प्रथम हे काम काय ते पाहू. रुग्णाला इजा झाली, तक्रार झाली, की वकिलापुढे दोनशे-तीनशे पानांचा केसपेपरचा गठ्ठा येतो. वकिलाला कायदा कळतो. पण टीपीआर चार्ट, सलाईनचा हिशेब, रात्री दोन वाजता लिहिलेली बीपीची नोंद, खाडाखोड केलेली औषधाची वेळ यांचा अर्थ त्याला कळत नाही. तो सिस्टरला एका नजरेत कळतो. ती कागद तारीखवार, तासवार लावते. कोणती नोंद असायला हवी होती आणि नाही, डॉक्टरांना केव्हा कळवले, कोणत्या विषयाच्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, हे ती वकिलाला सांगते. दोषी कोण हे ठरवणे तिचे काम नाही, ते न्यायालयाचे. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय असून अशा परिचारिकांची संघटना १९८९ साली स्थापन झाली.

अशा नजरेची गरज आपल्याकडेही आहे, आणि ती आजची नाही. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले आणि तिथे तो दगावला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६८ साली निकाल लागला. मॉर्फियाची दोन इंजेक्शने द्यायला सांगितली होती, प्रत्यक्षात एकच दिले गेले, ही बाब त्यात महत्त्वाची ठरली. भरपाई मिळाली तीन हजार रुपये. पण वॉर्डातली एवढीशी बाब कोर्टात किती वजनदार ठरते, हे त्या खटल्याने दाखवले.

पुढे १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णाने वा नातेवाइकांनी मागितल्यावर गुप्ततेचे कारण देऊन कागद नाकारता येणार नाहीत. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनी तर मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद देण्याचे बंधन घातले. म्हणजे दरवाजा उघडला आणि कागदही हाती आले. ते वाचणार कोण, हा प्रश्न उरला.

या कागदांत परिचारिका नेहमी साक्षीदारच असते असे नाही. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात एका बालकाला नर्सने शिरेतून दिलेल्या इंजेक्शनने मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरून बालकाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये मंजूर केले. पात्रता नसलेल्या व्यक्तीच्या हाती सिरिंज दिली, यावर त्यात बोट ठेवले गेले. आपल्या भागातील किती छोट्या नर्सिंग होममध्ये आजही विनानोंदणी मुली इंजेक्शने देतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

असे असेल तर व्यवसाय चालायलाच हवा, असे वाटेल. इथेच थांबून विचार करावा.

एक तर आपल्या कायद्यात असे पद नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात ५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरविरुद्ध फौजदारी पाऊल उचलण्यापूर्वी पोलिसांनी डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतील आणि त्या शाखेतील डॉक्टरचे, निष्पक्ष मत घ्यावे. ती जागा सिस्टर घेऊ शकत नाही. २०१० च्या किशन राव निकालाने प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे स्पष्ट केले. त्यामुळे तक्रारदाराला दिलासा मिळाला, पण सल्लागाराची मागणी त्याने वाढत नाही.

दुसरे, पैसा. ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. वकिलाचीच फी जड जाणारा माणूस वकिलाच्या सल्लागाराला काय देणार? अमेरिकेत भरपाईच्या रकमा आणि वकिलांच्या फिया मोठ्या असतात म्हणून हा धंदा तिथे उभा राहिला. ते गणित वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जसेच्या तसे लागू होत नाही.

तिसरे, प्रमाणपत्र. अमेरिकन संघटनेची मान्यवर परीक्षा देण्यासाठी तिथली नर्सिंगची नोंदणी, पाच वर्षांचा अनुभव आणि याच कामाचे दोन हजार तास लागतात. घरबसल्या काही आठवड्यांच्या कोर्सचा कागद म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे. कोर्स विकणाऱ्याला एकच विचारा: तुमच्याकडून शिकलेल्या किती जणींना काम मिळाले आणि त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर टाळले तर आपण समजून घ्यावे.

मग काहीच मार्ग नाही का? आहे, पण तो वेगळ्या नावाने आहे. आरोग्यविम्याचे दावे तपासणाऱ्या कंपन्यांना केसपेपर वाचणारी माणसे लागतात. मोठ्या रुग्णालयांत गुणवत्ता आणि नोंदी विभाग असतात, तिथे अनुभवी परिचारिकेला मान आहे. अमेरिकन वकिलांसाठी वैद्यकीय नोंदींचा गोषवारा काढून देण्याचे काम भारतातील काही कंपन्या घेतात. तिथे इंग्रजी आणि संगणक चांगला हवा. आणि ज्यांना खरोखर कायद्याची ओढ आहे त्यांनी सरळ तीन वर्षांचे एलएलबी करावे. बीएस्सी नर्सिंग झालेलीला सीईटी देऊन तो मार्ग खुला आहे. जीएनएम ही पदविका असल्याने तिला आधी पोस्ट बेसिक पदवी घ्यावी लागेल. वेळ लागेल, पण हाती पडेल ती सनद खरी असेल.

पथ्येही तितकीच महत्त्वाची. जिथे नोकरी केली त्या रुग्णालयाच्या प्रकरणाला हात लावू नये. रुग्णाचे कागद घरी गप्पांचा विषय होऊ नयेत. सरकारी वा महापालिकेच्या सेवेत असणाऱ्यांनी बाहेरचे काम घेण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. आणि पैसे कोणाचेही असोत, कागदात जे आहे तेच सांगावे. अशिलाला हवे ते लिहून देणारी सल्लागार एक-दोन खटल्यांतच उघडी पडते.

तेव्हा मुलुंडच्या ताई, माझे स्पष्ट मत असे: एफडी मोडू नका, नोकरीही सोडू नका. ग्राहक प्रकरणे चालवणाऱ्या एखाद्या वकिलाकडे महिन्यातून दोन शनिवार बसा, दोन-तीन जुनी प्रकरणे विनामोबदला वाचून द्या. गोडी लागली आणि वकील दुसऱ्यांदा स्वतःहून बोलावू लागला, तर पुढचे शिक्षण घ्या. तोवर दाव्यांच्या किंवा नोंदी विभागाच्या दिवसपाळीच्या नोकरीसाठी अर्ज करा. कंबरेचा प्रश्न त्यानेही सुटेल.

आणि यातले काहीच जमले नाही तरी अभ्यास वाया जाणार नाही. कोर्टात कागद कसा वाचतात हे ज्या सिस्टरला कळले, ती वेळ घालून लिहिते, डॉक्टरांना कळवल्याची नोंद करते, मागाहून खाडाखोड करत नाही, ड्यूटी बदलताना नीट रिपोर्ट देते. अशा वॉर्डात चूक वेळेवर सापडते आणि रुग्ण वाचतो. कोर्टात जाऊन न्याय मिळवण्यापेक्षा कोर्टात जायची वेळच न येणे, हे रुग्णाच्याही हिताचे आणि सिस्टरच्याही.