भाकरीला धर्म नसतो, गाव असतं

‘मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं?’ हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, १९७० आणि १९८४च्या दंगली आठवतात. आणि आमचं जेवण म्हणजे बिर्याणी!

आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरात मात्र तांदळाची भाकरी. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढायची, गरम असतानाच मळायची, मग थापायची. आगरी शेजाऱ्यांकडेही हीच रीत, कारण दोघांच्या शेतात भातच पिकतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्याचं तेच झालं: मूलनिवासींचा मका गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्याही ताटात आला.

मक्याच्या भाकरीने तिथला वंशभेद मिटला नाही. आपल्या भाकरीनेही दंगली थांबल्या नाहीत. पण आपण इथल्याच मातीचे आहोत, याचा तो रोजचा पुरावा आहे.

आणि तो पुरावा आपणच लपवतो. पाहुणे आले की भाकरी आत, बिर्याणी बाहेर. मग लोकांनी आपल्याला परकं समजलं, तर थोडा दोष आपलाही नाही का? पुढच्या दावतीत भाकरीही वाढा.