आधी महिना, मग हॉटेल

थायलंडमधील बेटावर सुट्टीचा बेत आखताना बहुतेक कुटुंबे प्रथम हॉटेलांचे दर पाहतात. वास्तविक प्रथम पाहावा तो महिना. अंदमान समुद्रातील फुकेतवर मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी पाऊस असतो; तेथून सहली जातात तो सिमिलान द्वीपसमूह मेच्या मध्यापासून पाच महिने पर्यटकांसाठी बंद असतो. थायलंडच्या आखातातील कोह सामुईवर मात्र मुसळधार पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. म्हणून मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत सामुई आणि नाताळच्या सुट्टीत फुकेत, हीच निवड हितावह.

नौकेची सफर अखेरच्या दिवशी न ठेवता दुसऱ्याच दिवशी ठेवावी. समुद्र खवळला, तर पुढचा दिवस हाती राहतो. किनाऱ्यावर तांबडा बावटा असता, मुलांनी कितीही हट्ट केला तरी पाण्यात उतरू नये. आरक्षण रद्द केल्यास पैसे परत मिळतील, असाच दर निवडावा. थोडा महाग पडला तरी चालेल.

आहारासाठी ‘जे’ हा थाई शब्द लक्षात ठेवावा. त्या भोजनात मांस, मासळी, अंडी, कांदा व लसूण वर्ज्य असतात. कंदमुळे मात्र चालतात. ती नकोत, हे हॉटेलला निघण्यापूर्वीच लेखी कळवावे.