रोल घरीच धुवा

आपल्या वयाच्या लोकांना फिल्मचं वेड लागलंय. वेडाबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार आहे अर्धवटपणाबद्दल. जुना कॅमेरा घ्यायचा, ब्लॅक अँड व्हाइट रोल घालायचा, ३६ फोटो काढायचे, रोल कुरियरने लॅबला पाठवायचा आणि आलेल्या लिंकवरून स्कॅन उतरवून इन्स्टावर टाकायचे. कॅप्शन ठरलेली: फिल्मला आत्मा असतो. निगेटिव्ह कुठे आहेत विचारलं तर म्हणतात, ‘लॅबकडेच असतील.’ म्हणजे आत्मा लिंकवर आला आणि देह लॅबच्या कपाटात राहिला.

आत्म्याचं मला कळत नाही. फिल्मवर चांदी असते, एवढं कळतं. जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे कण असतात. उजेड लागलेल्या कणावर चांदीचे मोजके अणू तयार होतात, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. डेव्हलपर असे कण गाठून अख्ख्या कणाची चांदी करतो. फिक्सर, म्हणजे स्टुडिओवाल्यांचा हायपो, उरलेले कण विरघळवून टाकतो. फिल्मची सगळी जादू या दोन पायऱ्यांत आहे, आणि नेमक्या त्याच आपण दुसऱ्याकडे सोपवतो.

ही सोय नवी नाही. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. आत १०० फोटोंचा रोल भरलेला असायचा आणि तो संपला की कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. जाहिरात सांगायची: तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो. त्यामुळे फोटोग्राफी सामान्यांच्या हातात आली, हे खरंच. पण सव्वाशे वर्षांहून जुनी ही सेवा वापरून आपण ‘स्लो’ आणि ‘हाताने केलेलं’ म्हणून मिरवावं? मी सॉफ्टवेअर लिहितो. आतली यंत्रणा वापरणाऱ्यापासून लपवायचे मला पैसे मिळतात. लपवलेली यंत्रणा मी लांबूनही ओळखतो.

या ‘बाकीच्या’त बरंच काही येतं. सावलीतला तपशील एक्स्पोजर ठरवतं, पण उजळ भाग किती दाट होणार हे मुख्यतः डेव्हलपरमधला वेळ ठरवतो. मे महिन्याच्या दुपारी काढलेला रोल थोडा कमी वेळ धुतला तर पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या वाचतात. ढगाळ दिवसाचा रोल थोडा जास्त वेळ धुतला तर मरगळलेलं चित्र उठून दिसतं. तुम्ही कुठल्या उन्हात उभे होतात हे लॅबला माहीत नसतं, त्यामुळे तुम्ही सांगितलं नाहीत तर ती ठरलेल्या वेळाने धुणार. फोटोचा अर्धा निर्णय असा परस्पर होतो आणि खाली नाव मात्र आपलं.

‘पण ते अवघड असतं ना?’ इलफर्डची एचपी-५ प्लस घ्या. आयडी-११ डेव्हलपर, पातळ न करता, २० अंशांवर साडेसात मिनिटं. सुरुवातीच्या १० सेकंदांत टाकी चारदा उलटी-सुलटी करायची, मग दर मिनिटाला तेवढंच. नंतर स्टॉप बाथ, फिक्सर आणि पाणी. अंधार लागतो तो रोल रिळावर चढवून टाकीचं झाकण लावेपर्यंतच, आणि तो चेंजिंग बॅगेत मिळतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी तापलेलं असतं, तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवायची. ज्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात त्याला हे जमतं.

काही आक्षेप मात्र खरे आहेत. वर्षाला दोनच रोल काढणाऱ्याला लॅब स्वस्त पडेल. रंगीत फिल्मला ३८ अंशांच्या आसपास काटेकोर तापमान लागतं, ती खुशाल लॅबला द्या. आणि वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, तो मोरीत ओतणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढणाऱ्याला द्या. एक्स-रे विभागांचा वापरलेला हायपो विकत घेणारे लोक आपल्याकडे आहेत.

हे परदेशी चोचले आहेत, असं मात्र कुणी म्हणू नये. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरातच फिल्म धुतली जायची. सरस्वतीबाई फाळके रसायनं कालवायला शिकल्या, कच्च्या फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, आणि युनिटचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. त्यांच्याकडे यूट्यूब नव्हतं. आपल्याकडे आहे, आणि आपण कुरियरवाल्याची वाट बघत बसतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते निगेटिव्ह सोडून देणं. निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की चित्र दिसतं. त्याला ॲप लागत नाही, पासवर्ड लागत नाही, दरमहा पैसे भरावे लागत नाहीत. लिंक बंद पडेल, फोन बदलेल, कंपनी धोरण बदलेल. नीट फिक्स केलेली, नीट धुतलेली आणि कोरड्या जागी ठेवलेली पट्टी मात्र तुमच्या नातवंडांनाही वाचता येईल.

म्हणून आधी लॅबला फोन करा आणि आपल्या निगेटिव्ह परत मागा. त्या असतील तर नशीब. आणि पुढचा ब्लॅक अँड व्हाइट रोल संपला की कुरियरचा पत्ता लिहू नका, बर्फाचा ट्रे भरून फ्रीजरमध्ये ठेवा.