झोळी आमच्या नावाची, हिशेब कोणापुढे?

वाचकहो, नाशिक शहरात शरणपूर रस्त्याने तुम्ही बाजाराला, कचेरीला शेकडो वेळा गेला असाल. या शरणपुरात एके काळी आफ्रिकेतली पोरे अक्षरे गिरवीत होती, हे किती जणांस ठाऊक आहे? गुलाम म्हणून विकावयास नेली जाणारी ही लेकरे इंग्रजी आरमाराने गलबतांवरून सोडवून मुंबईस उतरविली. त्यांतील काही चर्च मिशनरी सोसायटीने शरणपुरी आणून त्यांस वाचन, सुतारकी, लोहारकी शिकविली. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक.

१८७३ साली डॉक्टर लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या रानात वारला. त्याच्या सोबत्यांनी ते प्रेत उन्हात वाळवून कित्येक महिने खांद्यावर वाहत समुद्रकिनारी आणले. त्यांत आमचा हा नाशिककर होता. मृतासाठी प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नाव त्याने कोरले. मग मिशनने त्याचे भाडे भरून त्याला प्रेताबरोबर विलायतेस नेले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या देवळात दफन झाले, तेव्हा तो शवपेटीजवळ होता. पुढे मिशनच्या सभांतूनही तो लोकांपुढे आला. परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे लिव्हिंग्स्टनची चाकरी केली आणि त्या प्रेतयात्रेचे खरे पुढारपण केले, ते चुमा आणि सुसी दफनाच्या दिवशी कोठे होते? ते विलायतेस पोचले दफन उरकल्यावर! ते शरणपूरच्या शाळेचे नव्हते, एवढीच त्यांची उणीव.

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली, की मिशनऱ्याची मायदेशातील फेरी कशी चालते ते कळावे. मिशनरी जपानात गेलेला असो की नाशकात, काही वर्षांनी तो रजेवर घरी जातो. नाव रजेचे, पण विसावा नाही. ज्या ज्या मंडळ्यांनी त्याला पोसले, त्यांच्या देवळांत तो दर रविवारी उभा राहतो, नकाशा टांगतो, चित्रे दाखवितो, आणि शेवटी पेटी फिरते. त्या पेटीत पेनी टाकणारे सारे लॉर्ड नव्हेत. मोलकरणी, मजूर, रविवारच्या शाळेतील पोरे यांचाही घाम त्यात असतो. घेणाऱ्याने देणाऱ्यापुढे तोंड दाखवावे, हा रिवाज मला फार आवडतो. मिशनांचे ऋणही मी नाकारणार नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरास मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून आले, आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी आपली शाळा काढली.

पण त्या सभेत आमच्याविषयी काय बोलले जाई? गाव जितके काळे रंगवावे तितकी पेटी जड! ज्याच्या नावाने झोळी फिरते तो तर सात समुद्रांपलीकडे. त्याने 'हे खोटे' म्हणावे तरी कसे?

पंडिता रमाबाईंनी मात्र हे उलटे करून दाखविले. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, गावोगाव स्वतः बोलल्या. तेथील लोकांनी बोस्टनला मंडळ स्थापून दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले, आणि १८८९ साली मुंबईस शारदासदन उघडले. त्याच वर्षी बाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक छापून तिकडचे बरेवाईट इकडे सांगितले. दहा वर्षे भरल्यावर १८९८ साली पुन्हा त्या मंडळाकडे गेल्या. आमचे दुःख त्यांनीही सांगितले, कडक सांगितले. पण ते परक्याने पाहिलेले नव्हते, घरच्या बाईने भोगलेले होते.

आता माझी लाज सांगतो. काही वर्षांपूर्वी एक परोपकारी मंडळ आमच्या शाळेत आले. मिशन नव्हे, आपलेच लोक. पुस्तकांची दोन कपाटे देणार होते. फोटोच्या वेळी त्यांतला एक म्हणाला, "गुरुजी, पोरांना चपला काढायला सांगा." मी सांगितले! त्या वर्षी कांद्याला बरा भाव होता. सुताराच्या पोरीने नव्या चपला घातल्या होत्या, त्या तिने काढून दाराशी ठेवल्या. पुढे त्यांचे छापील पत्रक आले. फोटोखाली लिहिले होते, यांच्या पायांत चप्पल नाही. पोरीने ते वाचले (वाचायला मीच शिकविले होते) आणि विचारले, "गुरुजी, माझ्या चपला तर दाराशीच होत्या ना?" मला उत्तर सुचले नाही. कपाटे अजून वर्गात आहेत.

आणि शेतकरी बंधूंनो, केवळ परक्यांवर बोट दाखवून आपण सुटत नाही. जत्रेची, देवळाच्या कळसाची, शाळेच्या खोलीची वर्गणी आपण घरटी गोळा करतो. मुंबईस, पुण्यास नोकरीवर असलेल्या गावकऱ्यांकडूनही आणतो. कळस चढला की वही कोणाच्या फडताळात जाते? शंभर रुपये देणाऱ्या विधवेपुढे उभे राहून कोणी सांगितले काय, की बाई, तुझे पैसे येथे लागले? त्या गोऱ्या मिशनऱ्याला आपल्या देशातल्या मोलकरणीपुढे उभे राहावे लागे, आणि आपल्या सरपंचाला आपल्याच आळीत येववत नाही!

आमच्या शाळेच्या समितीपुढे मी दोन गोष्टी मांडल्या आहेत. शाळेसाठी मदत मागण्याचे कोणतेही पत्रक बाहेर जाण्याआधी ते चावडीवर पोरांच्या आईबापांसमोर मोठ्याने वाचावे. ज्याचा फोटो, त्याची संमती. आणि आलेल्या पैशाचा हिशेब दर पोळ्याला, सारा गाव जमतो तेव्हा, वेशीपाशी सांगावा. समितीतले दोघे हो म्हणाले आहेत. बाकीचे म्हणतात, असे केले तर देणारे येणार नाहीत. पोळ्याला अजून दोन महिने आहेत.

— एक खेड्यातील मास्तर, जिल्हा नाशिक