व्हाउचरशिवाय आळ

दिव्या भारती ५ एप्रिल १९९३ ला वर्सोव्यात पाचव्या मजल्यावरून पडून गेली, अवघी १९ वर्षांची. १९९८ मध्ये पोलिसांनी अपघात म्हणून तपास बंद केला. तरी धामापुरात हळदीकुंकवाला विषय निघाला की कुणीतरी नवऱ्याकडे बोट दाखवतंच. तपासाला पाच वर्षं का लागली, हे जरूर विचारा. पण मी कॉमर्सवाली. व्हाउचरशिवाय चहाचा खर्च मांडत नाही, तर कुणाच्या नावावर खून कसा मांडू? आपल्याकडे याला अभ्याख्यान म्हणतात, खोटा आळ. तिचा अर्धवट राहिलेला ‘लाडला’ श्रीदेवीने केला. २०१८ मध्ये दुबईत तीही बाथटबमध्ये बुडून गेली, आणि पुन्हा तीच कुजबुज! माडीच्या किती खिडक्यांना गज नाहीत, ते मात्र कुणी बघत नाही.