पाटल्या मोडण्याआधी

रविवारची दुपार. जेवणं आटोपून जरा आडवी होतेय तोच धाकट्या बहिणीचा बार्शीहून फोन. आवाज दबका, म्हणजे मेहुणे घरातच असणार.

"ताई, आईच्या पाटल्या मोडायच्या म्हणतात हे. आठ दिवसांत साडेतीन लाख भरायचेत. नाहीतर सीट जाते म्हणे."

कसली सीट? तर भाचीची, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठातली. तीही पदवीच्या पहिल्या वर्षाची नव्हे, त्याच्या आधीच्या वर्षाची. फाउंडेशन इयर!

आईच्या चार पाटल्या. आई गेल्यावर दोन माझ्याकडे आल्या, दोन तिच्याकडे. त्यामुळे माझी झोप उडाली हे कबूल करते. पण खरी झोप उडाली ती पुढचं ऐकून. भाचीला बारावी सायन्सला ६८ टक्के. नीट दिली, ती काही जमली नाही. तेव्हापासून पोरगी घरात. मध्येच तिनं जाहीर केलं, मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं, मानसशास्त्र शिकायचंय. नेमका त्याच सुमारास गावातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये परदेशी शिक्षणाचा सेमिनार झाला. टाय लावलेल्या सल्लागारानं सांगितलं, "महाराष्ट्र बोर्ड आहे ना? मग फाउंडेशन करावंच लागतं. लगेच बुक करा." बापलेकी दोघंही भारावून घरी आले. बहिणीला कळलं ते पाटल्यांचा विषय निघाल्यावर.

मैत्रिणींनो, आजचा विषय हाच. हल्ली तालुक्याच्या गावांतूनही हे फाउंडेशन वर्ष विकलं जातंय. 'विकलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. हे वर्ष वाईट नाही, ज्याला गरज आहे त्याला ते उपयोगी आहे. पण गरज कुणाला आहे हे ठरवण्याआधीच आपण पैशांच्या जुळवाजुळवीला लागतो, आणि तिथंच फसतो.

आधी हे वर्ष म्हणजे काय ते समजून घेऊ. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची. ज्यांचं आधीचं शिक्षण त्या विद्यापीठाच्या अपेक्षेत बसत नाही, मार्क कमी आहेत, किंवा ज्यांना विषयच बदलायचा आहे, त्यांच्यासाठी आधी एक वर्ष पायाभरणीचं. म्हणजे तीनाची चार वर्षं. गंमत बघा, तिथल्या लोकांनाही हे वर्ष महागच वाटत होतं. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या ऑगर समितीनं पदवीला जोडलेल्या फाउंडेशन वर्षासाठी सरकारी कर्ज देणं थांबवा, अशीच शिफारस केली होती. ती तशी मानली गेली नाही, पण २०२५-२६ पासून वर्गात बसून शिकायच्या विषयांसाठी या वर्षाची फी ५,७६० पौंडांवर आणली गेली. मात्र हा लगाम तिथल्या मुलांच्या फीला. आपल्या मुलांना ती मर्यादा लागू नाही आणि त्यांचं सरकारी कर्जही मिळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न: गरज आहे का? मी भाचीला फोनवर घेतलं. म्हटलं, "सल्लागार राहू दे बाजूला. तू स्वतः चार विद्यापीठांना मेल कर. बोर्ड, टक्के, इंग्रजीचे मार्क लिही आणि विचार, मला थेट पहिल्या वर्षाला प्रवेश मिळेल का?" आधी लाजली. "मावशी, माझं इंग्रजी हसतील ते." म्हटलं, हसू देत. दहा दिवसांत तीन उत्तरं आली. दोघांनी कळवलं, बारावीच्या या मार्कांवर थेट पहिल्या वर्षाचा अर्ज करता येईल. एकानं फाउंडेशन लागेल म्हणून सांगितलं. चौथ्यानं उत्तरच दिलं नाही. काही विद्यापीठं राज्य बोर्डाच्या मुलांकडून जास्त टक्के मागतात हे खरं, पण 'करावंच लागतं' हे काही खरं नव्हतं. चार मेल, खर्च शून्य, आणि एक अख्खं वर्ष वाचण्याची शक्यता! सल्लागार हे का सांगत नाहीत? विद्यापीठं त्यांना प्रवेशामागे कमिशन देतात. सल्ला फुकट असतो तेव्हा पैसे दुसरीकडून येत असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरा प्रश्न: हे दार नेमकं कुठं उघडतं? काही विद्यापीठांत फाउंडेशन धरून चार वर्षांचा सलग प्रवेश असतो. काही ठिकाणी ते वर्ष विद्यापीठाशी करार केलेल्या वेगळ्या कॉलेजात होतं. दोन्हीकडे पुढं जायला ठराविक मार्क लागतात. ते पडले नाहीत तर हातात काय? पदवी नाही आणि वर आणखी एक वर्ष गेलेलं. तेव्हा किती मार्क लागतात, नापास झालं तर काय, व्हिसा सगळ्या वर्षांचा की एकाच वर्षाचा, हे लेखी मागा. तोंडी "होऊन जातं हो मॅडम" चालणार नाही.

आणि तिसरा प्रश्न पैशांचा. बहिणीच्या हातात आलेल्या कागदावर एकच आकडा ठळक होता: फी १८,००० पौंड, पैकी ३,००० आत्ता. मी तिला म्हटलं, कॅलेंडरचं जुनं पान घे आणि त्याच्या मागं लिही. पौंड ११५ रुपये धरू. फी झाली २० लाख ७० हजार. राहण्याजेवण्याचं काय? नोव्हेंबर २०२५ पासूनच्या व्हिसाच्या नियमाप्रमाणे लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. ते झाले १२ लाख. तिथल्या आरोग्यसेवेचा आकार वर्षाला ७७६ पौंड, जवळपास ९० हजार. एका वर्षाचे झाले ३४ लाखांच्या घरात. विमानाचं तिकीट, व्हिसाची फी आणि थंडीचे कपडे वेगळे. आता याला चारानं गुणा. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग बहीण हळूच म्हणाली, "ताई, एक कोटी छत्तीस लाख?" स्टेशनरीचं दुकान आहे हो त्यांचं.

इथंच आपली चूक होते. आपण पहिल्या वर्षाचे पैसे जमवतो आणि 'पुढचं पुढं बघू' म्हणतो. फाउंडेशन वर्ष तर मुळात कशातच धरलं जात नाही. ते संपलं की खरी पदवी सुरू होते. अर्ध्यात पैसे संपले तर मुलगी कुठल्या तोंडानं परत येईल, याचा विचार आधीच करायला हवा.

"तिकडं काम करून भागवेल की," मेहुणे म्हणाले. पदवीच्या खालच्या पातळीचा स्वतंत्र फाउंडेशन कोर्स असेल तर शिकवणी चालू असताना आठवड्याला दहाच तास कामाची परवानगी असते. पदवीच्या मुलांना वीस तास. तासाला अकरा पौंड धरले तरी दहा तासांत महिन्याचे साडेचारशे-पावणेपाचशे पौंड, तेही काम मिळालं तर. यातून भाजी येईल, फी नाही. शिकून झाल्यावर तिथं राहून नोकरी शोधायची दोन वर्षांची मुदतही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी दीड वर्षावर येतेय.

मग कर्ज? बँकेत गेल्यावर आधी विचारा, फाउंडेशनचं वर्ष कर्जात धरता का? नेहमीच्या शैक्षणिक कर्जयोजनेत साडेसात लाखांच्या वर बहुधा तारण लागतं, म्हणजे घर नाहीतर प्लॉट. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. पहिल्या वर्षी उचललेल्या ३४ लाखांवर दहा टक्क्यांनी, चार वर्षं शिक्षणाची आणि एक वर्ष सवलतीचं धरून, सरळ व्याजच १७ लाख होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

शिष्यवृत्त्यांचं म्हणाल तर आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. ब्रिटनची चेव्हनिंग मास्टर्ससाठी. टाटांच्या जे. एन. टाटा एंडोमेंटचं विद्यार्थी-कर्जही पदवीनंतरच्या शिक्षणाला मिळतं. १८९२ साली सुरू झालेल्या या निधीच्या अगदी पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल? सांगायचं असं, की परदेशासाठी मदतीचे हात आहेत, पण ते बहुतेक पदवीनंतरच्या टप्प्यावर आहेत. फाउंडेशनला जवळपास सगळा भार घरावर. शिवाय तिकडचं मास्टर्स बहुधा एकाच वर्षाचं असतं. इथं पदवी करून एका वर्षासाठी जाणं आणि बारावीनंतर चार वर्षांसाठी जाणं, यातला फरक कॅलेंडरच्या त्याच पानावर मांडून बघा.

मग काय, मुलींनी जाऊच नये? असं म्हटलेलं मला मुळीच आवडणार नाही. माझ्या मैत्रिणीची साताऱ्याची मुलगी चित्रकलेच्या फाउंडेशनला गेली आणि तिच्यासाठी ते योग्यच ठरलं. चित्रकलेत पायाचं वर्ष आपल्याकडेही असतं. त्या वर्षात तिच्या कामाचा पोर्टफोलिओ उभा राहिला आणि त्यावर पुढचा प्रवेश मिळाला. पण त्या घरात चारही वर्षांचा हिशेब आधी झाला होता आणि प्लॉट विकून पैसे बाजूला ठेवलेले होते. गरज नक्की, दार ठरलेलं आणि पैसे शेवटपर्यंतचे, या तीन गोष्टी जमल्या तर पाठवा, खुशाल पाठवा.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. हाच हिशेब मुलासाठी असता तर आपण एवढा बारीक केला असता का? पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात आलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली तेव्हा त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोचल्या. 'मुलीवर एवढा खर्च?' हा प्रश्न जुना आहे, तो मला परत आणायचा नाही. हिशेब करायचा तो दोघांचाही करायचा, आणि तोच कागद दोघांसमोर ठेवायचा.

आणि तो हिशेब करताना आई तिथं बसलेली हवी. आपल्याकडे सेमिनारला बाबा जातात, बँकेत बाबा जातात, आणि आईला बोलावलं जातं ते सही करायला किंवा कपाट उघडायला. सहकर्जदार म्हणून सही केलीत की ते कर्ज तुमचंही आहे. वाचल्याशिवाय सही करू नका. इंग्रजी कळत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. जिला तुम्ही सातासमुद्रापार पाठवणार आहात तिला तेवढं यायलाच हवं, नाही का?

मेहुण्यांना मी दोष देत नाही. लेकीसाठी दुकान गहाण टाकायला निघालेला बाप आहे तो. वर्षभर घरात कोमेजलेली मुलगी एकदम हसायला लागली, तर कुणाला मोह होणार नाही? ते साडेतीन लाख भरले नाहीत. आठ दिवस उलटल्यावर सल्लागाराचा पुन्हा फोन आला, सीट अजून शिल्लक होती!

भाची दोन दिवस जेवली नाही, मग स्वतःच कॅलेंडरचं पान घेऊन बसली. येत्या जूनमध्ये पुण्यात मानसशास्त्र घेऊन एफवायला अर्ज करणार आहे. थेट प्रवेशवाल्या विद्यापीठांचे मेल तिनं जपून ठेवलेत. मास्टर्सला जाईन म्हणते. जाईल किंवा विचार बदलेल, तिचं ती ठरवेल.

परवा बहिणीचा पुन्हा फोन. या वेळी आवाज मोकळा होता. पाटल्या कपाटात परत गेल्यावर मेहुणे म्हणाले म्हणे, "बरं झालं, लग्नात उपयोगी पडतील." त्यावर माझी ही मिळमिळीत बहीण काय म्हणाली असेल?

"त्या लग्नासाठी नाहीत. तिच्या मास्टर्ससाठी आहेत. डबीवर चिठ्ठी चिकटवलीय मी."