आटे बसले म्हणजे ब्रेक बसला का? जुन्या गाडीला डिस्क ब्रेक लावण्याआधी हे वाचा

माझ्या काकांकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वाड्याच्या जागी इमारत आली, काका रिटायर झाले, पण गाडी पार्किंगमध्ये टिकून आहे. यंदा तिची आरसी रिन्यू करायची वेळ आली आणि काकांनी फी ऐकली: दहा हजार रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ही फी ५,००० वरून १०,००० केली आहे.

"एवढे पैसे भरायचेच आहेत, तर गाडी वेळेवर थांबली तरी पाहिजे," काका म्हणाले. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. कात्रजचा उतार उतरताना ते तापले की पेडल दाबूनही गाडी जराशी सरकतेच. म्हणून ठरलं की पुढे डिस्क ब्रेक लावायचे, आणि तेही आजच्या एका छोट्या गाडीचे. सोबत त्याच गाडीचा डबल सर्किटवाला मास्टर सिलेंडर.

डिस्क मिळाल्या, कॅलिपर मिळाले, ब्रॅकेट भोसरीच्या लेथवर बनवून घेतले. अडलं ते एका नटाशी. बोटाच्या पेराएवढा, काही रुपयांचा पाइप नट. हा लेख त्या नटाबद्दल आहे.

हा प्रश्न आत्ताच का आलाय?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनवायला घेतली. हीच गाडी पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, तरी पार्ट मिळत राहिले, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या रस्त्यावर होत्या. टॅक्सी रोज धावते, रोज झिजते, म्हणून तिच्या पार्टला रोज गिऱ्हाईक असतं. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. रोजचं गिऱ्हाईकही तिच्याबरोबर गेलं. अँबेसेडरचं उत्पादन तर २०१४ मध्येच थांबलं होतं.

आता ज्यांच्याकडे या गाड्या उरल्यात ते दोनच गोष्टी करू शकतात: जुना पार्ट शोधत फिरायचं, नाहीतर नव्या गाडीचा पार्ट जुन्या गाडीत बसवायचा. दुसऱ्या वाटेवर तीन देशांचे आटे एकमेकांसमोर येतात.

तीन देश, तीन आटे

पद्मिनीचं मूळ इटालियन. त्या काळच्या अनेक फियाट गाड्यांत ब्रेकच्या नटाला १० मिलिमीटर व्यास आणि १.२५ मिलिमीटर पिच असे आटे असायचे. पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर.

अँबेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची लेक, त्यामुळे तिच्या घराण्यात इंची माप: पाइप नट ३/८ इंच व्यासाचा, एका इंचात २४ आटे. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर व्यास ९.५२५ आणि पिच १.०५८.

आजच्या जपानी वळणाच्या गाड्यांत व्यास १० आणि पिच १.०.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. इंची नट आणि नव्या गाडीचा नट यांच्यात व्यासाचा फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी आहे, आणि पिचचा फरक तर केसाच्या जाडीएवढा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

आम्हाला नाना पेठेतल्या एका दुकानात नट मिळाला. "जुन्या गाडीचाच आहे, बिनधास्त लावा," असं सांगण्यात आलं. नव्या मास्टर सिलेंडरच्या भोकात तो बोटांनीच सरसर आत गेला. मिस्त्री खूश. मी मात्र पाना लावण्याआधी नट जरा हलवून बघितला, तर तो डुगडुगला. घरी आणून व्हर्निअर लावला: ९.४५. इंची नट होता. म्हणजे इटालियन गाडीत बसवलेल्या जपानी वळणाच्या सिलेंडरला आम्ही इंग्लिश नट लावत होतो.

न बसणारा नट परवडला

पूर्ण चुकीचा नट आत जातच नाही, त्यामुळे तो तुम्हाला वाचवतो. फियाटचा १.२५ पिचचा नट १.० च्या भोकात एक-दोन आट्यांत अडकतो. जबरदस्ती केली नाही तर तिथेच कळतं. धोका आहे तो जवळपास बसणाऱ्या नटाचा.

हिशोब करू. १० × १.० च्या भोकातल्या आट्यांचा आतला व्यास साधारण ८.९ मिलिमीटर असतो. बरोबर नटाचे दात त्यात प्रत्येक बाजूने सुमारे ०.५४ मिलिमीटर शिरतात. इंची नटाचे शिरतात सुमारे ०.३०, म्हणजे निम्म्याहून थोडेच जास्त. शिवाय प्रत्येक आट्याला ०.०५८ चा फरक साठत जातो. सात-आठ आट्यांत तो अर्ध्या मिलिमीटरजवळ पोचतो, आणि सुरुवातीला ढिला जाणारा नट पुढे अचानक घट्ट लागतो. मिस्त्रीला वाटतं, बसला. खरं तर तो अडकलेला असतो, आणि सगळा भार एक-दोन दातांवर असतो.

भार किती? घाबरून ब्रेक दाबताना पायाचा जोर ४० किलो धरा. पेडलची तरफ तो पाचपट करते, म्हणजे २०० किलो. १९ मिलिमीटरच्या मास्टर सिलेंडरचं क्षेत्रफळ सुमारे २.८५ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो दाब येतो. तुमच्या टायरमधल्या हवेच्या तीसपटीहून जास्त.

आणि हा दाब रोज येत नाही. सिग्नलला हळू थांबताना फार तर चौथा हिस्सा येत असेल. असा नट महिनोन् महिने नीट वागेल आणि ज्या दिवशी समोर अचानक कोणी आलं, नेमका त्याच दिवशी सुटेल.

आपल्या कामात याला ओळखीचं उदाहरण आहे. कोड कंपाइल होतो, टेस्ट पास होतात आणि प्रॉडक्शनवर लोड आला की सिस्टिम पडते. फोनची टाइप-सी केबल भोकात बसली तरी फास्ट चार्जिंग होईलच असं नसतं, हेही तुम्हाला माहीत आहे. तिथे नुकसान अर्ध्या तासाचं असतं.

गळती आटे थांबवत नाहीत

ब्रेक ऑइल आट्यांनी अडत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाइपचं टोक फुलवून त्याला आकार दिलेला असतो, त्याला फ्लेअर म्हणतात. नट फक्त तो फ्लेअर भोकाच्या तळाशी असलेल्या सीटवर दाबून धरतो. गळती थांबते ती तिथे.

फ्लेअरचे मुख्य प्रकार दोन: एक नरसाळ्यासारखा, दुहेरी दुमडलेला, ४५ अंशांचा. दुसरा कुत्र्याच्या छत्रीसारखा, ज्याला बबल म्हणतात. जपानी वळणाच्या गाड्यांत पहिला, बहुतेक युरोपियन गाड्यांत दुसरा. आटे तंतोतंत जुळले आणि फ्लेअर चुकला, तरी ऑइल झिरपणारच. म्हणूनच नळाला गुंडाळतो तशी टेफ्लॉन टेप ब्रेकच्या नटाला गुंडाळण्यात अर्थ नाही. तिचा तुकडा आत गेला तर वेगळंच संकट. फ्रिजची तांब्याची नळीही वापरू नका, सततच्या कंपनाने ती तडकते. तांबं-निकेल मिश्रधातूची किंवा ब्रेकसाठीच बनवलेली स्टीलची नळी घ्या.

फोन काय सांगतो आणि काय नाही

मी आधी फोनवरच शोधलं. एका चॅटबॉटने पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं: "३/८ इंच." कारण जुन्या गाड्यांवर इंटरनेटवर जे लिहिलंय त्यातलं बरंच इंग्लंड-अमेरिकेचं आहे. कुर्ल्यात बनलेल्या इटालियन गाडीबद्दल फारच थोडं. शिवाय तुमच्या गाडीला चाळीस वर्षांत कोणी काय लावलंय, हे कुठल्याच मॉडेलला माहीत असणं शक्य नाही.

फोनचा खरा उपयोग वेगळा. प्रत्येक नट काढण्याआधी त्याचा फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. कुठला नट कुठल्या भोकाचा ते लगेच लिहून ठेवा. माप मात्र व्हर्निअरने आणि पिच गेजनेच. गेजचं पातं आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरा. फट दिसली तर ते माप नाही.

कायदा कुठे बघतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. पण आरसीवर इंजिन नंबर असतो, रंग असतो, सीट असतात. ब्रेकचा प्रकार नसतो. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली, तिथेही 'मूळ रूप' तपासताना भर चासी, बॉडी आणि इंजिनावर आहे. फिटनेसला ब्रेक लागतो का ते बघतात, पण नटाचा पिच कोणी मोजत नाही.

नव्या गाडीचे ब्रेक विक्रीआधी तपासले जातात. ते काम करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. गॅरेजमध्ये पाइप बदलला की त्या तपासणीचा आधार संपतो. वर्षं मोजून फी दुप्पट करणाऱ्या व्यवस्थेने जुन्या गाडीच्या ब्रेकबदलासाठी एक पानाचा तपासणी तक्ता तरी द्यायला हवा, असं मला वाटतं. तोवर जबाबदारी मालकाची. आरटीओला आणि विमा कंपनीला बदल आधी कळवा.

आम्ही काय केलं

अ‍ॅडॅप्टर टाळला, कारण प्रत्येक जोड म्हणजे गळायची एक नवी जागा. त्याऐवजी ४.७५ मिलिमीटरच्या नव्या पाइपच्या दोन टोकांना दोन वेगळे नट लावले. गाडीच्या बाजूला १.२५ पिचचा, सिलेंडरच्या बाजूला १.० चा, आणि प्रत्येक टोकाला समोरच्या सीटला जुळणारा फ्लेअर. (फ्लेअर करण्याआधी नट पाइपमध्ये ओवायचा असतो. आम्ही एकदा विसरलो, पाइप वाया गेला.)

मग एअर काढली, जोडांखाली कोरे कागद पसरले आणि काकांनी पूर्ण जोर लावून पेडल मिनिटभर दाबून धरलं. असं तीनदा. कागद कोरे राहिले, तेव्हाच गाडी गेटबाहेर काढली. पन्नास किलोमीटरनंतर सगळे जोड पुन्हा तपासले.

तो इंची नट काकांनी फेकू दिला नाही. दोरा बांधून किल्लीच्या जुडग्यात अडकवलाय. मिस्त्री आता कोणताही नवा नट हातात आला की पाना उचलण्याआधी तो हलवून बघतात.